घरटी एक जवान

गोठ्यातून पट्ट्याचा आवाज आला तेव्हा मी चुलीपुढं भाकऱ्या थापत होते. पहिल्यांदा वाटलं, म्हशीनं शेपूट आपटलं असेल. मग मामंजींचा आवाज आला, "बोल! भरतीला जातूस का न्हाई?" आणि मी पिठाच्या हातांनी तशीच धावले.

सर्जेराव, माझा धाकटा दीर, गोठ्यातल्या मधल्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा होता. सदरा पाठीवर फाटला होता आणि आत लाल वळ दिसत होते. माझे सासरे, निवृत्त सुभेदार ज्ञानदेव भोईटे, फौजेतला जाड पट्टा हाताला गुंडाळून मारत होते. पितळी बक्कल त्यांनी मुद्दाम मोकळं सोडलं होतं. म्हैस दावं ताणून भिंतीला चिकटली होती. सर्जाच्या तोंडून मात्र आवाज नाही.

"मामंजी, बास!" म्हणत मी मध्ये शिरले.

"बाजूला हो, मालन."

"न्हाई व्हायची. मारायचं तर मला मारा."

उगारलेला फटका माझ्या कोपरावर बसलाच. मामंजी दचकले. त्यांचा थोरला मुलगा, माझा नवरा हणमंत, काश्मिरात पडला तेव्हापासून त्यांनी माझ्याशी चढ्या आवाजात बोलणंही सोडलं होतं. पट्टा खाली सोडून ते म्हणाले, "आज सभेत मी ह्याचं नाव देनार हाय. आमदारासमोर. सोमवारी साताऱ्याला भरती हाय, आन् ह्यो जानार. उभा न्हाई गेला तर आडवा नीन."

ते गेल्यावर मी सर्जाच्या पाठीला हळद-तेल लावलं. लावता लावता तोंडाचा पट्टा सुरू होताच.

"वीस वर्षांचा गडी तू. पाण्यातली मोटर एकट्यानं खांद्यावर घिऊन विहीर चढतोस. म्हाताऱ्याचा हात धरता येईना तुला?"

"धरला असता, वैनी."

"मग?"

"मंग सोडला नसता."

मला त्याचा रागच आला. भित्रा माणूस असा कोड्यात बोलून वेळ मारून नेतो, असं मला वाटलं. "फौजेला भितोस का रे तू?" मी सरळ विचारलं.

"व्हय. भितो."

"मरायला?"

तो उठला. सदरा बदलून पडवीत जाऊन बसला आणि जळक्या मोटरीची तांब्याची तार उलगडायला लागला. जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून ती भरून द्यायचं काम करायचा तो. चार गावच्या मोटरी यायच्या त्याच्याकडं.

आमचं गाव खडकजाई, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, पाऊस वाट चुकला तरच येतो अशा भागातलं. आमच्याकडं पोरगं जन्मलं की आधी छाती मोजतात आणि मग बारसं करतात, असं मी माहेरी सांगायची आणि माहेरच्या बाया हसायच्या. पण हसण्यासारखं त्यात फार नव्हतं. गावाचा रिवाज होता, घरटी एक जवान. ज्या घराचा माणूस फौजेत, त्याच घराला चैत्रात भैरोबाच्या पालखीचा खांदा. माणूस निवृत्त झाला की त्याच्या जागी मुलगा, मुलगा नसला तर पुतण्या. ज्या घराचं कुणीच फौजेत नाही ते 'मोकळं घर'. मोकळ्या घराला पालखीचा खांदा नाही, त्या घरच्या पोरांना मुली सांगून येत नाहीत, आणि त्या घरचा कुणी पंगतीत पुढं बसला तर त्याला उठवायला कुणाला लाज वाटत नाही.

हणमंत पेटीतून आला. पेटी उघडू नका, असं बरोबर आलेले साहेब म्हणाले. मी उघडायला लावली. आत काय होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, इथंही सांगत नाही. गावानं मला वीरपत्नी म्हणून खुर्ची दिली, शाल दिली, नारळ दिले. आणि पुढच्याच चैत्रात पालखी आमच्या दारावरून सरळ पुढं गेली. मामंजी खांद्यावर उपरणं टाकून उंबऱ्यात उभे होते. कुणी थांबलं नाही. हणमंताची जागा रिकामी झाली होती, आणि रिकामं घर म्हणजे मोकळं घर. नियम म्हणजे नियम, असं म्हणणारे होते कॅप्टन आनंदराव फडतरे, माजी सैनिकांच्या संघटनेचे अध्यक्ष आणि मामंजींचे जुने दोस्त. त्या दिवसापासून मामंजी सर्जाच्या मागं हात धुऊन लागले.

सीमेवर दोन्हीकडची सैन्यं समोरासमोर उभी होती, ते वर्ष. देशात सक्तीची लष्करी सेवा आणा, प्रत्येक पोराला दोन वर्षं फौजेत घाला, म्हणजे पोरं सुधारतील, अशी चर्चा पेपरात चालली होती. आमचे आमदार दौलतराव साळवेकर यांनी ती उचलली. खडकजाईनं सक्तीच्या बाजूनं ठराव करायचा, तो घेऊन ते मुंबईला जाणार, आणि अख्ख्या महाराष्ट्राला सांगणार की बघा, हे गाव. आमदारांचा थोरला मुलगा पुण्यात इमारती बांधत होता आणि धाकटा ऑस्ट्रेलियात शिकत होता. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

आदल्या दिवशी कॅप्टन आमच्याकडं येऊन गेले होते. "मालन, ठरावाला अनुमोदन तू द्यायचं," ते म्हणाले होते. "वीरपत्नी बोलली की पेपरात पहिल्या पानावर येतंय." मी बरं म्हटलं होतं. खोटं कशाला सांगू? माझा हणमंत गेला तर इतरांच्या पोरांनीही जावं, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं. दुःखानं माणूस शहाणा होतो म्हणतात, पण आधी काही वर्षं तो नुसता कडू होतो.

देवळापुढं मंडप घातला होता. लोखंडी खुर्च्या, स्टेजवर सतरंजी, टेबलावर आमदारांसाठी पितळी तांब्या-भांडं. बायका मागं, पुरुष पुढं, शाळेची पोरं अनवाणी मध्येच कुठंतरी. पेपरवाले दोघं आले होते. मला स्टेजवर कडेच्या खुर्चीत बसवलं. सर्जा मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता.

आमदार चांगलं बोलायचे, हे मान्य केलं पाहिजे. "आजचा तरुण काय करतो? मोबाईल, गुटखा आणि चौकातली टवाळी. दोन वर्षं फौजेत घाला, सरळ होऊन येतो. मी विचारतो, देशानं तुम्हाला सगळं दिलं, तुम्ही देशाला एक पोरगं देऊ शकत नाही?" टाळ्यांनी मंडप हलला. आमच्या गावात आजवर सरकारची गुटखाबंदी कुणी पाळली नव्हती आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांचे गाल फुगलेले होते.

मग खाली बसलेले किसन खरात उठले. मामंजींच्याच पलटणीत हवालदार होते. डाव्या हाताची तीन बोटं लढाईत गेली होती, त्यामुळं त्यांना कुणी भेकड म्हणू शकत नव्हतं.

"सायेब," ते म्हणाले, "माज्या उजव्या अंगाला कोन हाय, त्याच्या भरवशावर मी रातचा डोळा मिटायचो. त्यो गडी आपखुशीनं आलेला असायचा. तुमी धरून आनलेला गडी माज्या शेजारी घातला असता, तर मी दुश्मनावर नजर ठिवली असती का त्याच्यावर? सक्तीची फौज म्हंजी फौज न्हवं, कोंडवाडा."

"बसा, खरातकाका!" मागून आवाज आला. कॅप्टनांचा मुलगा जयवंत. स्वतः फौजेत, सुट्टीवर आलेला, ताडमाड, गावातल्या पोरांचा पुढारी. "तुमच्या पोराला पिठाची चक्की सोडवंना, म्हनून ही गीता!"

"माज्या पोराचं सोड. तुला गोळी बसंल तवा शेजारी कोन पायजे, ते सांग."

जयवंतानं त्यांना खांद्याला धरून खाली दाबलं. किसनकाकांनी त्याचा हात झटकला. मग कुणीतरी खुर्ची फेकली. ती कुणाला मारायची होती देव जाणे, पण बसली किसनकाकांच्या कपाळावर. रक्ताची धार भुवईवरून हनुवटीपर्यंत आली. त्यांचा मुलगा धावून आला तर त्याला चौघांनी लाथांनी तुडवला. आमदार माईकवरून "शांतता, बंधूंनो, शांतता" म्हणत राहिले आणि एक पाऊल पुढं आले नाहीत. बापलेकांना धरून मंडपाबाहेर नेलं, आणि दोन मिनिटांत सभा पुन्हा सुरू झाली. असल्या सभेला अनुमोदन द्यायचं, हे तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं.

मामंजी उठले. छातीवर पदकं लावली होती. "ठरावाची सुरुवात माज्या घरापास्नं. माजा धाकटा सर्जेराव सोमवारी भरतीला हुबा ऱ्हानार."

सगळे वळून सर्जाकडं बघायला लागले. सर्जानं मान हलवली. नाही.

मामंजींचा चेहरा मी बघू शकले नाही. जयवंत मात्र तयारीनंच आला होता. खिशातून हिरव्या बांगड्यांचा जुडगा काढून तो सर्जापुढं गेला. "घे, भर. शहीद भावाचं नाव लावतोस न्हवं? ह्या बी लाव."

सर्जानं हात मागं केले आणि खांब घट्ट धरला. जयवंतानं बांगड्या त्याच्या तोंडावर मारल्या. त्या फुटल्या, एक काच गालात घुसली. लोक हसले, अगदी पोट धरून. सर्जानं गालातली काच उपटली आणि खाली बसून बाकीच्या काचा वेचायला लागला, कारण मध्ये अनवाणी पोरं होती. त्यावर तर आणखीच हशा झाला.

"आता वीरपत्नी श्रीमती मालनताई भोईटे ठरावाला अनुमोदन देतील," कॅप्टननी पुकारलं.

मी माईकपाशी गेले. जीभ माझी कधीच अडत नाही. "घरटी एक म्हनता," मी म्हटलं. "माझ्या घरचा एक तुमी नेला. त्यो कसा परत आला, ते पेटी उघडल्याली मी एकटीच हाय इथं. आता दुसरा मागताय. आमदारसाहेब, मला एवढंच सांगा, तुमच्या घरचं कोन हाय फौजेत? तुमचं घर भरल्यालं हाय का मोकळं?"

मागं बायकांमधून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग हसू पसरत गेलं. आमदारांचे कान लाल झाले.

"माझं अनुमोदन न्हाई," मी म्हटलं.

कॅप्टननी माईक ओढला. जयवंत उडी मारून स्टेजवर आला, माझा दंड धरला आणि "खाली चल, वैनी, लई झालं" म्हणत हिसडा दिला. मी स्टेजवरून खाली गुडघ्यांवर पडले.

सर्जा आला. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. माझ्यामागं उडी टाकलेल्या जयवंताची मान त्यानं मागून पकडली आणि त्याचं तोंड स्टेजच्या कडेवर आपटलं. परत आपटलं. दात पडलेले मला दिसले. जयवंत फौजी गडी, सर्जाच्या दीडपट. वळून त्यानं सर्जाच्या पोटात गुडघा घातला. सर्जाला तो जाणवल्यासारखंही दिसलं नाही. त्यानं लोखंडी खुर्ची उचलली आणि जयवंताच्या खांद्यावर मारली, मग बरगडीत, मग पाठीत. सोडवायला धावलेल्या एकाचं मनगट मोडलं. त्याचा कड्‌ आवाज मंडपभर ऐकू गेला. दुसरा गेला तो पोट धरून मागं आला. मग कुणी पुढं जाईना. एवढं लढवय्यांचं गाव, पण सगळे गोल करून उभे.

जयवंत पडला. सर्जा त्याच्या छातीवर बसला आणि खुर्चीच्या निखळलेल्या पायानं तोंडावर मारत राहिला. जयवंताचा डावा डोळा फुटला तेव्हा तो गुरासारखा ओरडला, आणि नंतर ओरडायचा थांबला. सर्जा थांबला नाही. मी रांगत जवळ गेले तेव्हा मला त्याचं तोंड दिसलं. त्यावर राग नव्हता. इतक्या वर्षांत मी त्याला एवढं निवांत कधी पाहिलं नव्हतं. त्या चेहऱ्याची मला जी भीती वाटली, ती पेटीतल्या हणमंताचीही वाटली नव्हती.

मी टेबलावरचा पितळी तांब्या घेतला आणि सर्जाच्या डोक्यात जीव खाऊन घातला. तो कलंडला. मग पोरांनी जयवंताला उचलून आमदारांच्या जीपमध्ये टाकलं आणि गाडी साताऱ्याकडं सुटली.

मला वाटलं, आता गाव आम्हाला जिवंत ठेवत नाही. मी सर्जाला ओढत घरी आणलं, गोठ्यात बसवलं आणि कोयता घेऊन दारात उभी राहिले. दुपार कलली तेव्हा मामंजी आले. बरोबर कॅप्टन आणि आमदारांचा एक माणूस. मी कोयता वर केला.

"ठिव खाली, मालन," मामंजी म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. सरळ गोठ्यात जाऊन त्यांनी सर्जाच्या पाठीवर थाप मारली. सकाळी फोडून काढलेली तीच पाठ. "वाघ हाय माजा! मी म्हनत हुतो, भोईट्यांचं रगत हाय. उगं दडवत हुतास व्हय रं?"

मी कॅप्टनांकडं बघितलं. त्यांच्या सदऱ्यावर मुलाचं रक्त होतं. "जयवंताचा डोळा?" मी विचारलं.

"गेला," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पण मान ताठ. "पोरगं जगंल म्हनत्यात. त्यो रडत न्हाई बसनार आन् मी बी न्हाई. पर असला गडी गावाबाहीर जाता कामा न्हये. चौघांना आवरला न्हाई, बघितलंस न्हवं? फौजेला हेच पायजे. जयवंताची जागा ह्यो भरंल."

आमदारांच्या माणसानं बाकीचं सांगितलं. पेपरवाल्यांना समजावलंय. मंडपाचा वासा मोडून जयवंतावर पडला, असं सगळ्यांनी सांगायचं. साहेबांनी पोलिसांनाही तसंच कळवलंय. "केस होता कामा नये. केस झाली की पोलिसांकडनं चारित्र्याचा दाखला मिळत नाही, आन् दाखल्याबिगर फौजेत घेत नाहीत. सोमवारी पोराला साताऱ्याला आणा. साहेब स्वतः येणार आहेत."

तिघं बोलत बोलत देवळाकडं गेले. मामंजी जाताना माझ्याकडं वळून म्हणाले, "औंदा पालखी दारात थांबंल बघ." लहान मूल जत्रेला निघाल्यावर जसं दिसतं, तसे दिसत होते. मला त्यांची दया आली आणि शिसारीही आली.

मी घागर घेऊन गोठ्यात गेले आणि सर्जाचे हात धुवायला लागले. नखांत रक्त वाळलं होतं.

"वैनी, तुमी तांब्या मारला ते बरं केलं."

"तू माझ्यासाठी मारलंस त्याला. मला कळतंय ते."

"पयला फटका तुमच्यासाठी हुता." त्यानं हात माझ्या हातातून काढून घेतले. "पुढचे न्हाई. पुढचे माजे हुते. त्यो गप झाला तवा मला कळलं हुतं त्यो गप झाला. मला थांबायचं न्हवतं. लई ग्वाड वाटत हुतं, वैनी."

गोठ्यात माश्या घोंगावत होत्या. मी पाण्यातला हात काढायलाही विसरले.

"उसात चोर सापडला हुता, ठावं हाय? आण्णा सुट्टीवर आला हुता तवा." आण्णा म्हणजे हणमंत, तसे मामंजी म्हणजे आबा. "आमी दोघं हुतो राखणीला. मी त्याला धरला आन् असाच मारला. आण्णानं मला दोरीनं बांधला, तवा त्यो वाचला. मंग आण्णा माज्यापाशी रातभर बसला. म्हनाला, तू फौजेत येऊ नगंस. आमी भितो, म्हनून आमी थांबतो. तू थांबायचा न्हाईस. तुज्या हातात बंदूक दिली, तर म्होरं दुश्मन हाय, म्हातारी हाय का पोर हाय, ते तू बघनार न्हाईस. आबाला सांगू नगंस, म्हनाला, आबाला ह्यातलं कळनार न्हाई. शपथ घातली मला."

म्हणजे हणमंताला ठाऊक होतं. मामंजींना तो दर सुट्टीत सांगायचा, सर्जाला शिकू द्या, त्याला भरतीला नेऊ नका. आम्ही सगळे म्हणायचो, धाकट्यावर किती माया.

"म्हनून सोसत हुतास व्हय रं," मी म्हटलं. सकाळी मी त्याला भित्रा म्हटलं होतं, आणि अख्ख्या गावात हा एकटा स्वतःला आवरून जगत होता.

"सोमवारी मला नेतील, वैनी. मी न्हाई म्हनलो तरी नेतील. आन् एकदा गेलो की..." त्यानं धुतलेले हात उलटसुलट करून बघितले. "मला जायाचं बी वाटाय लागलंय. तेचीच भीती वाटती."

मी उठले, पदराला हात पुसले. "एम-एटी चालू कर," मी म्हटलं.

"कुठं?"

"ठाण्यात. मी फिर्याद देते तुझ्यावर."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला समजायला फार वेळ लागला नाही. "शिक्षा हुईल," तो म्हणाला.

"हुईल."

तो उठला, गाडीला किक मारली आणि मला मागं बसायला जागा करून पुढं सरकला. आरोपी गाडी चालवतोय आणि फिर्यादी मागं बसून त्याचा सदरा धरून चाललीय, असं दृश्य त्या रस्त्यानं आधी पाहिलं नसेल.

तालुक्याच्या ठाण्यातला फौजदार चहा पीत होता. "खडकजाईचं ना? मंडपाचा वासा पडला म्हणून निरोप आलाय मला."

"वासा न्हाई पडला. ह्यानं मारलं. खुर्चीनं, आन् खुर्चीच्या पायानं. जयवंत फडतऱ्याचा डोळा फोडला. मी डोळ्यांनी बघितलंय."

"तुम्ही कोण ह्याच्या?"

"भावजय."

"आणि फिर्याद तुम्हीच देताय?" त्यानं कप खाली ठेवला. "बाई, तुम्ही शहीद जवानाच्या पत्नी ना? ऐका माझं. हे पोरगं आपलं आहे, गावाची तक्रार नाही, वरून निरोप आहे. एकदा मी गुन्हा लिहिला की ह्याला जन्मात फौजेत घेणार नाहीत. कळतंय का तुम्हाला?"

"तेवढ्यासाठीच तर आलेय," मी म्हटलं.

त्यानं वही बाजूला सारली. फिर्याद लिहून घ्यायला तयार नव्हता. मग मी सांगितलं की पेपरवाले दोघं सभेत होते, त्यांना मी आत्ता इथून फोन लावते आणि फौजदार काय म्हणाले ते सांगते. तेव्हा त्यानं लिहायला घेतलं.

अर्ध्यावर आलं असेल तोच मामंजी आले. एकटेच. कुणाच्या तरी मोटरसायकलवरून आले होते, पदकं अजून छातीवर होती. मला वाटलं, आता पट्टा निघणार. त्यांनी माझ्यापुढं गुडघे टेकून हात जोडले. सुभेदार ज्ञानदेव भोईटे, शिपायांसमोर, सुनेपुढं. "मालन, मागं घे. तुज्या पाया पडतो. माजं घर मोकळं ठिवू नगंस."

"मामंजी, उठा," मी म्हटलं. मला रडू आवरेना. त्या माणसानं आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. "घर मोकळंच बरं हाय आपलं."

ते उठले आणि निघून गेले. पुढं तेरा वर्षं जगले, माझ्या हातचं जेवले, आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ठराव झाला, मुंबईला गेला, आणि तिथं कुठं तरी त्याची चर्चा विरून गेली. आमदारांचा मुलगा नंतर आमदार झाला. कोर्टात जयवंतानं काळा चष्मा लावून खरं ते सांगितलं. सर्जाला तुरुंग झाला. तिथं तो मोटरी भरायचा आणि सुटल्यावर कोल्हापुराकडं दुकान टाकून राहिला. त्यानंतर त्यानं कुणावर हात उचलल्याचं मी ऐकलं नाही. मी चुकले असं म्हणणारे गावात आजही आहेत. त्यांना मी एवढंच विचारते, त्याच्या बंदुकीपुढं तुमचं पोर उभं असतं तर?

त्या संध्याकाळी लिहून झालं. मी अंगठा न करता सही केली, सर्जानं वाचून बघितलं आणि "बराबर हाय" म्हणाला. शिपायानं कोठडी उघडली. लहान खोली, एक घोंगडी, वर जाळी. सर्जा दारात थांबला.

"वैनी, आता मला कोन नेनार न्हाई ना?"

"न्हाई. आता कोनीच न्हाई."

तो आत गेला. शिपाई किल्ल्यांचा जुडगा चाचपत होता. त्याला हवी ती किल्ली सापडायच्या आतच सर्जानं आतून हात घालून दार स्वतःच ओढून घेतलं.